उत्तराच्या चौकोनाशेजारची टीप

चैत्राने मला हे काम दिलं तेव्हा कारण अगदी सरळ सांगितलं. "दोड्डप्पा, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. म्हणून तुम्हीच हवेत."

चैत्रा माझ्या धाकट्या भावाची मुलगी, म्हणून मी तिचा दोड्डप्पा, थोरला काका. शिरसीत बसस्टँडच्या मागे, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर तिचं ऑफिस आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आमच्या भागातल्या लोकांना वेबसाइट बांधून देतात. लोणचंवाले, मधवाले, घरी पाहुणे उतरवणारे, एक वैद्य, एक यक्षगानातले मद्दळे, म्हणजे मृदंग, दुरुस्त करणारा, असे तेव्हा एकतीस जण होते. वेबसाइट उभी राहिली की ती मालकाच्या स्वाधीन करायची. पुढे किंमत बदलणं, फोटो लावणं, आज दुकान बंद आहे असं लिहिणं हे ज्याचं त्याने करायचं. ते कोणी करत नसे. सगळे चैत्राला फोन करत. तिने चाळीस पानांची एक पुस्तिका छापून वाटली होती. याण गावच्या एका घरमालकाने ती मिक्सर डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली ठेवलेली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

"चाळीस पानं कोण वाचणार?" ती म्हणाली. "माणूस अडतो तो एकाच ठिकाणी. त्याला तिथेच, तेवढ्यापुरत्या दोन ओळी पाहिजेत. मी प्रत्येक चौकोनाशेजारी एक छोटं प्रश्नचिन्ह ठेवते. ते दाबलं की टीप उघडेल. टिपा तुम्ही लिहायच्या. आपल्या बोलण्यातल्या कन्नडमध्ये."

"मला जमेल असं वाटत नाही."

"तुम्हाला काहीच जमेल असं वाटत नाही. सोमवारी या."

मी चौतीस वर्षं तालुका वाचनालयात होतो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली चिकटवायची. लोकांशी जेवढं बोलावं लागे तेवढं पुस्तकांच्या निमित्ताने बोलत असे. निवृत्त झाल्यावर ते निमित्तही गेलं. तेव्हा सोमवारी गेलो.

पहिली टीप फोटोच्या चौकोनासाठी होती. मी ती दीड पान लिहिली. चैत्राने वाचली आणि कागद उलटा ठेवला. "दोड्डप्पा, बाईचे हात तेलाचे आहेत, गॅसवर फोडणी चढलीय, आणि तुम्ही प्रकाश म्हणजे काय यावर प्रवचन देताय."

मग मी आखडतं घेत गेलो. दीड पानाचं अर्धं झालं, अर्ध्याच्या चार ओळी झाल्या. लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. लोकांना माहिती कमी पडते म्हणून ते थांबत नाहीत. ते घाबरून थांबतात. काही पुसलं जाईल, काही मोडेल, सगळ्या जगाला आपली चूक दिसेल. म्हणून टिपेने आधी त्या भीतीला उत्तर द्यायला हवं. फोटोच्या चौकोनाची टीप शेवटी अशी झाली: "खिडकीजवळ ठेवून फोटो काढा. आवडला नाही तर दुसरा लावता येतो, पहिला कुठे जात नाही." चैत्राने ती दोनदा वाचली आणि काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे पसंती असते.

वीस-पंचवीस टिपा झाल्यावर ती म्हणाली, "आता एका मालकिणीच्या मागे जाऊन बसायचं. त्या काम करतील, तुम्ही नुसतं बघायचं. कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, ते वहीत लिहायचं. बोलायचं मात्र नाही. कितीही अडल्या तरी सांगायचं नाही. आमच्या कामातला नियमच आहे तो."

"कोणाच्या मागे?"

"होसगद्देच्या नागवेणी अक्का. अप्पेमिडीचं, कोवळ्या कैरीचं लोणचं करतात त्या."

मी हातातले कागद उगाच जुळवत बसलो.

नागवेणीला मी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एकदा बघितलं होतं. म्हणजे रीतसर बघायला गेलो होतो, वडील आणि मामा यांच्याबरोबर. पत्रिका जुळली होती. धने-जिऱ्याचं गरम कषाय झालं, खाणं झालं, आणि मोठी माणसं बाग बघायला म्हणून उठली. जगलीवर, म्हणजे ओसरीवर, आम्ही दोघं आणि दाराआड तिची आत्या. तिनेच विचारलं, "तुम्ही काय वाचता?"

त्या काळात मी एका वेळी पाच-सहा पुस्तकं वाचत असे. त्यांतलं कुठलं सांगावं? एक सांगितलं तर फुशारकी वाटेल, दुसरं सांगितलं तर हलकं वाटेल, तिसऱ्याचं नाव तिने ऐकलं नसेल तर तिला ओशाळल्यासारखं होईल. मी निवडत होतो. निवडत असतानाच बाग बघून मंडळी परत आली.

घरी येताना वाटेत वडिलांनी विचारलं, "काय मग?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." माझ्या मते मी होकार दिला होता. वडिलांना वाटलं, पोराचं मन नाही. आमच्याकडे नकार तोंडाने देत नाहीत. निरोप पाठवायचाच नाही, समोरचे काय ते समजतात. वडिलांनी निरोप पाठवला नाही. मला वाटत होतं तो गेला असेल. घरात तारखेची बोलणी कधी निघतात याची मी रोज वाट पाहत होतो, आणि विचारत नव्हतो. अडीच महिन्यांनी कळलं की होसगद्देच्या परमेश्वर हेगड्यांशी तिचं लग्न ठरलं. नंतर मला दोन स्थळं सांगून आली. दोन्ही वेळा मीच मामांना नको म्हटलं, आणि ते मात्र नीट तोंडाने म्हटलं.

मी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच तिला कधीतरी कळावं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्यापुढे काही नाही. पण तेवढं सांगायला जागा कुठे असते? लग्नकार्यात ती दोनदा दिसली, दोन्ही वेळा पंगतीत. पंगतीत असं काही बोलता येत नाही.

होसगद्देला मी मार्चमध्ये गेलो. अंगणात कोवळ्या कैऱ्यांचे ढीग होते आणि चिकाचा वास येत होता. परमेश्वर हेगडे जाऊन तीन वर्षं झाली होती. नागवेणीचे केस पूर्ण पांढरे झाले होते. बोलणं तेच होतं, सरळ.

"या भट्रे. चैत्राने फोन केला होता. तुम्ही मागे बसणार आणि बोलणार नाही."

"हो."

"मग ठीक आहे. त्याची तुम्हाला सवय आहे."

हे तिने टोमणा मारून म्हटलं नाही. पायरी आहे, सांभाळून या, असं म्हणावं तसं म्हटलं. मी खुर्ची मागे ओढून बसलो. पुढ्यात कषायाचा पेला आला. पलीकडे गिरिजा नावाची एक बाई कैऱ्यांचे देठ बेताने खुडत होती.

"अक्का, हे मागे बसून काय लिहितायत?"

"मी कुठे कुठे अडते ते."

"मग वही पुरायची नाही त्यांना."

कॉम्प्युटर हेगड्यांच्या वेळचा होता, वर विणलेलं कव्हर. नागवेणी एका बोटाने काम करत होती आणि प्रत्येक अक्षर दाबून झालं की पडद्याकडे बघून खात्री करत होती. किमतीपाशी ती थोडी थांबली, फोटोपाशी बरीच. मग 'आमच्याबद्दल' नावाचं पान उघडलं. तिथे हेगड्यांनी लिहिलेल्या ओळी होत्या. 'आम्ही दोघं मिळून हे लोणचं घालतो. आंबा मी निवडतो, मीठ ती ठरवते.'

ती थांबली. 'आम्ही दोघं'च्या पुढे ती बारीक रेघ लुकलुकत होती. तिने बोट पुसायच्या बटणावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. गिरिजाही खुडायची थांबली. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं: आमच्याबद्दल, अकरा मिनिटं.

"इथे काय करायचं, भट्रे?" तिने मागे न बघता विचारलं.

मी वहीकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली. "नियम."

निघताना ती अंगणापर्यंत आली. "मे संपला की मी म्हैसूरला लेकीकडे, सहनाकडे जाणार. कायमचीच. बाग भाच्याला दिलीय. तोवर हे सगळं नीटनेटकं झालं पाहिजे. आणि बंद कसं करायचं, तेही लिहा तुमच्या टिपांत. उघडं टाकून जायला नको."

बसमध्ये मी 'आमच्याबद्दल'ची टीप चार वेळा लिहिली आणि खोडली. पाचव्यांदा लिहिली ती राहिली: "इथलं जुनं वाक्य पुसायलाच हवं असं नाही. ते तसंच ठेवून खाली नवं वाक्य लिहिता येतं."

तीन दिवसांनी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर मी होसगद्देची वेबसाइट उघडली. हेगड्यांच्या दोन ओळी होत्या तशाच होत्या. त्यांच्याखाली लिहिलं होतं, 'आता आंबाही मीच निवडते.' आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ: 'हे मला सुचलं नव्हतं. बरं झालं सांगितलंत.'

शेवटची ओळ गिऱ्हाइकांसाठी नव्हती. ती टिपेला होती.

मग दर दोन-तीन दिवसांनी अशी एखादी ओळ दिसू लागली. लोणच्याच्या फोटोखाली, 'खिडकीजवळ ठेवूनच काढला. आता दिसतोय का बरा?' किमतीच्या शेजारी, 'आकड्यात लिहिली. यंदा आंबा कमी आला हेही लिहू का?' मालाची माहिती लिहायची तिथे, 'चार ओळींत सांगा म्हणता, पण चार ओळींत लोणचं कसं सांगणार?'

चैत्राला हे कळलं तेव्हा ती हसून खुर्चीतच कलली. "दोड्डप्पा, अक्का टिपांना उत्तरं देतायत. आणि ती सगळ्या दुनियेला दिसतायत. हुब्बळ्ळीच्या एका बाईंनी ऑर्डरबरोबर लिहून पाठवलंय, फोटो छान दिसतो म्हणून सांगा त्यांना."

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं तर. म्हणाल्या, मी जिथे अडते तिथेच टीप बरोबर बोलते, म्हणजे पलीकडे माणूस बसलेला असणार. माणसाने लिहिलं तर उत्तर नको द्यायला?"

यात हसण्यासारखं मला काही दिसलं नाही. आमच्या पिढीत 'सुखरूप पोचलो' एवढंच कार्ड आलं तरी 'कार्ड मिळालं' असं उलट कार्ड जात असे. न लिहिण्याचा अर्थ काय होतो हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

"एक ओळ घाला," चैत्रा म्हणाली. "टिपा आपोआप येतात, उत्तर लिहू नये."

"घालतो."

मी घातली नाही. महिनाभर घातली नाही. रोज सकाळी वाचनालय उघडलं की पहिला मी. पेपर चाळायचे, मग कॉम्प्युटरपाशी बसायचं आणि नवी ओळ आलीय का बघायचं. आली असली की त्या दिवशी जेवणाला चव असे. पुढे तेवढ्यावर भागेना. टिपा दुरुस्त करायची सोय चैत्राने मला दिली होती, बारीकसारीक चुका सुधाराव्यात म्हणून. मी त्या सोयीने नागवेणीला उत्तरं देऊ लागलो. किमतीच्या टिपेत एक वाक्य वाढवलं, 'आंबा कमी आला हे लिहायला हरकत नाही.' फोटोच्या टिपेत लिहिलं, 'झाकण जरा वाकडं दिसतंय, पण बरणी छान.' दुसऱ्या दिवशी झाकण सरळ झालं होतं.

एका दुपारी चैत्राने मला बोलावून घेतलं. मैत्रिणींना तिने चहाला पाठवलं होतं.

"वैद्यांचा फोन होता," ती म्हणाली. "त्यांच्या काढ्याच्या फोटोशेजारी 'झाकण वाकडं दिसतंय, पण बरणी छान' असं का येतं म्हणून विचारत होते. त्यांच्याकडे बरणीच नाही. याणचे विचारतात, खोलीच्या भाड्याशी आंबा कमी आल्याचा काय संबंध? दोड्डप्पा, टीप एकच असते. एकतीस जणांना तीच दिसते."

हे मला माहीत होतं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लिहिताना मात्र समोर एकच माणूस असायचा.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "अक्कांना तुम्ही आधीपासून ओळखता?"

"नाही. एकदा बघायला गेलो होतो."

"बघायला म्हणजे?" मग तिचा आवाज खाली आला. "मग काय झालं?"

"काही झालं नाही. आपल्याकडून निरोप गेला नाही."

तिने टिपा पूर्वीसारख्या करून घेतल्या आणि मला कागद दिला. त्यावर मी तिच्यासमोर बसून लिहिलं: "या टिपा आपोआप उघडतात. चौकोनात लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून टिपेला उत्तर लिहू नये." शंभराहून जास्त टिपा मी लिहिल्या असतील. एवढी बिनचूक त्यांतली दुसरी नसेल.

त्यानंतर होसगद्देच्या वेबसाइटवर फक्त माल राहिला. अप्पेमिडी, आवळा, फणसाचे पापड. आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज बघत होतो. मे अर्धा संपला.

वेबसाइटवर एक पान असतं, लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांचं. प्रश्नाचा एक चौकोन, उत्तराचा एक. त्यांच्या टिपा मी एप्रिलमध्येच लिहून दिल्या होत्या. उत्तराच्या चौकोनाची अशी होती: "उत्तर लहान असलं तरी चालतं. विचारणारा वाट बघतो आहे एवढं लक्षात ठेवा." नागवेणीने ते पान अजून भरलं नव्हतं. एका सकाळी ते भरलेलं दिसलं.

'लोणचं किती टिकतं?' खाली उत्तर, 'मीठ नीट पडलं तर तीन वर्षं.' 'बरणी वाटेत फुटत नाही का?' 'आजवर दोन फुटल्या. दोन्ही बदलून दिल्या.'

तिसरा प्रश्न होता, 'तुम्ही काय वाचता?'

त्याच्याखाली उत्तराची जागा रिकामी होती.

मी तो पुन्हा वाचला. मागे एक कॉलेजची मुलगी कॉम्प्युटरसाठी थांबली होती. तिने विचारलं, "झालं का आजोबा?" मी उठलो आणि चष्मा तिथेच विसरून बाहेर आलो. परत जाऊन तो घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने होसगद्देला गेलो. अंगण रिकामं होतं. जगलीवर खोके बांधून ठेवले होते आणि गिरिजा जुन्या बरण्या गवतात गुंडाळत होती.

"आज वही नाही आणलीत?"

"नाही."

"अक्का, ते आले. वही नाही आणली."

नागवेणीने आत बोलावलं. कॉम्प्युटर उघडाच होता. "आज मागे नको. इथे शेजारी बसा," ती म्हणाली. "टिपेला उत्तर लिहू नये असं लिहिलंत. म्हणून मग प्रश्न विचारला. त्याला मनाई कुठे नव्हती."

"नव्हती."

"तुम्ही सांगा. मी लिहिते."

तिने रिकाम्या चौकोनात बोट टेकवलं. रेघ लुकलुकायला लागली. मी त्या वर्षीची पुस्तकं आठवू लागलो. सगळी आठवत होती. कुठल्या पुस्तकात कुठे खूण होती तेही आठवत होतं. पहिलं सांगावं तर ते मी पुरं केलं नव्हतं. दुसरं आता कोणी वाचत नाही, तिला वाटेल हा अजून तिथेच आहे. गिरिजाच्या गवताचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

नागवेणीने वाट बघितली. मग तिने चष्मा नाकावर सरकवला, चौकोनाशेजारचं प्रश्नचिन्ह दाबलं आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, "'उत्तर लहान असलं तरी चालतं. विचारणारा वाट बघतो आहे एवढं लक्षात ठेवा.' कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"मग?"

"मी नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. एका बोटाने ती लिहायला लागली. पडद्यावर एकेक अक्षर येत गेलं आणि प्रत्येक अक्षरानंतर ती थांबून खात्री करत होती. जोडाक्षरापाशी अडली. मी बटण दाखवलं. चार शब्दांना बराच वेळ लागला.

"प्रश्न वाचण्याचा होता," लिहून झाल्यावर ती म्हणाली.

"हो."

"असू दे. हेच असू दे."

खाली 'जतन करा'चं बटण होतं. तिने त्याचीही टीप उघडली आणि या वेळी मनातल्या मनात वाचली. ती मला पाठ होती: "हे बटण दाबेपर्यंत तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. न दाबलं तरी ते कच्च्या मसुद्यात राहतं, पुसलं जात नाही." तिने बटण दाबलं नाही. कॉम्प्युटर मिटला आणि त्यावर विणलेलं कव्हर सारखं केलं.

"कषाय घेऊन जा. पावणेबाराला बस आहे, ती चुकली तर एकदम साडेतीनला."

तिने मला एक बरणी दिली. झाकणाला फडकं बांधलेलं होतं. दारात मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलो. ती म्हणाली, "जा आता. बस तुमच्यासाठी थांबायची नाही." गिरिजा हसली. मीही हसलो असेन.

मे संपला आणि ती म्हैसूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने वेबसाइट स्वतः बंद केली, फोन न करता, टीप वाचून. चैत्राला याचं फार कौतुक वाटलं. एकतिसांपैकी फोन न करता एवढं करणाऱ्या त्या एकट्याच, असं ती सगळ्यांना सांगत असे. तो पत्ता उघडला की आता एवढंच दिसतं: 'हे दुकान सध्या बंद आहे.' तेही वाक्य माझंच आहे, सगळ्या बंद दुकानांसाठी लिहिलेलं. मी अधूनमधून उघडतो.

वर्ष गेलं. बरणीतलं लोणचं मी पुरवून पुरवून खाल्लं, तरी संपलं. चैत्राच्या ऑफिसात आता पाच जणी आहेत आणि वेबसाइट एकोणसाठ. मी आठवड्यातून दोनदा जातो. नवे चौकोन निघतात, त्यांच्या टिपा लिहितो.

गेल्या जूनमध्ये ती म्हणाली, "दोड्डप्पा, जरा इकडे या. वर्षाहून जुने कच्चे मसुदे आम्ही पुसून टाकतो. होसगद्देचा एक सापडलाय. पुसण्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावा."

"त्यात एक ओळ आहे. माहीत आहे मला."

"दोन आहेत," ती म्हणाली आणि पडदा माझ्याकडे वळवून पाणी आणायला म्हणून उठून गेली.

पहिली ओळ माझी होती. 'मी नाही म्हटलं नव्हतं.' दुसरीच्या पुढे तारीख होती, वेबसाइट बंद केली त्या दिवसाची.

'कळलं. मी दोन महिने वाट बघितली होती.'

चैत्राला पाणी आणायला बराच वेळ लागला. पेला माझ्यापुढे ठेवून ती बसली. खाली औषधाच्या दुकानात कोणीतरी खोकल्याच्या औषधावरून घासाघीस करत होतं, ते ऐकू येत होतं.

"पुसायचा नाही ना?"

"नको."

"मी बाजूला ठेवते. कोणी हात लावणार नाही."

मी पाणी प्यायलो. त्या चौकोनात उत्तर लिहायला मला जागा नव्हती. ती वेबसाइट माझी नाही, माझ्याकडे तिची किल्ली नाही, आणि चैत्राकडे ती मागणं बरोबर झालं नसतं. माझ्या हातात टीप तेवढी होती.

"चैत्रा, उत्तराच्या चौकोनाशेजारची टीप आहे ना, तिच्यात एक वाक्य वाढवायचं होतं."

तिने भुवया वर केल्या. "काय?"

"'उशीर झाला असला तरी लिहा.'"

तिने विचार केला. कामाच्या वेळी ती भिडस्तपणा ठेवत नाही, आणि ते बरं आहे. "एकोणसाठ जणांना दिसेल."

"हो."

"वैद्यांनासुद्धा."

"त्यांनाही कोणीतरी विचारून ठेवलं असेलच."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लोक प्रश्न लिहितात आणि उत्तराची जागा महिनोन्‌महिने रिकामी ठेवतात. घालते." आणि तिने ते वाक्य घातलं.

होसगद्देचं दुकान बंद आहे, तेव्हा तिथे ती टीप कोणी उघडत नाही. बाकी ठिकाणी उघडते.